जुना पंखा जपून ठेव

ही गोष्ट एका बोटीच्या पंख्याची आहे. बोट होती अमेरिकेत, डोंगरावरच्या एका तलावात. तिला कोणता पंखा लावायचा हे ठरले जबलपूरला, बडा फुहाऱ्यावरच्या आमच्या घरी. आणि त्यातून जे शिकलो त्याचा उपयोग झाला आपल्या शाळेच्या मैदानावर, मला. कसा ते सांगतो.

आमचे घर बडा फुहाऱ्याच्या मागच्या गल्लीत आहे. फुहारा म्हणजे कारंजे. जबलपूरच्या जुन्या बाजारातला हा चौक. जवळच सराफा आणि कमानिया गेट. १९३९ साली त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्याची आठवण म्हणून ही कमान उभारली. दिवसभर इथे साड्या, बांगड्या आणि भांड्यांच्या दुकानांवर इतकी गर्दी असते की सायकल हातात धरूनच न्यावी लागते. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, त्यामुळे मी किल्लीला ‘चाबी’ म्हणतो आणि आमच्या डॉर्ममध्ये सगळे हसतात. आता सवय झाली आहे.

माझे आजोबा शहात्तर वर्षांचे आहेत. ते जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९७३ ते २००९ अशी छत्तीस वर्षे नोकरीला होते. लष्कराचे शक्तिमान ट्रक त्याच फॅक्टरीत तयार होत. आजोबा गाड्यांच्या चाचणीच्या विभागात होते. “आमच्या गाड्या लेहपर्यंत गेल्या, मी अमरकंटकच्या वर कधी गेलो नाही,” असे ते नेहमी म्हणतात.

गेल्या मे महिन्यात मी सुट्टीवर घरी गेलो तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट होती, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. मला शाळेत परत यायचे नव्हते.

त्याचे कारण असे. फेब्रुवारीत मला टायफॉइड झाला. अकरा दिवस अंथरुणात होतो. ताप गेला, पण रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.६ निघाले. माझ्या वयाच्या मुलाचे ते १३ च्या आसपास असायला हवे. डॉक्टरांनी सांगितले, सहा आठवडे धावायचे नाही. आमच्या हाउसची क्रॉस कंट्री मार्चमध्ये होती आणि मागच्या वर्षी मी पाच किलोमीटर वीस मिनिटे दहा सेकंदांत धावलो होतो. तिसऱ्याच आठवड्यात मी सरांना सांगितले की मी ठीक आहे, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. हे खोटे होते. यात दुसऱ्या कुणाचीही चूक नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

शर्यतीत मी नेहमीच्या वेगाने निघालो. पहिला किलोमीटर चार मिनिटांत गेला. दुसरा कसाबसा गेला. तिसऱ्यात पाय जड झाले आणि कानात आवाज येऊ लागला. वळणावरच्या बाभळीखाली मी बसलो तो उठलोच नाही. आमचे हाउस शेवटचे आले. कुणी एक शब्द बोलले नाही. कुणी रागावले असते तर बरे वाटले असते. त्या रात्री मी ठरवले की मी या शाळेच्या लायक नाही. एनडीएचे स्वप्न माझ्यासारख्याने पाहू नये. दहावी जबलपूरलाच करावी.

हे बाबांना कसे सांगायचे याचा विचार करत मी सुट्टीचे पहिले दोन आठवडे घालवले.

मग एका सकाळी सहा वाजता मोठ्या काकांचा व्हिडिओ कॉल आला. काका अमेरिकेत रेनो नावाच्या गावी राहतात. तिथून जवळ लेक ताहो हा तलाव आहे. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅलिफोर्नियात आणि एक तृतीयांश नेवाडात, आणि तो समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. इकडे सकाळचे सहा म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच. काका बोटीवर होते आणि त्यांचा चेहरा पडलेला होता.

काकांनी आणि त्यांच्या तीन मित्रांनी मिळून एक जुनी वेक सर्फ बोट घेतली होती. ही बोट वेगासाठी नसते. ती ताशी १६ ते १९ किलोमीटरनेच चालवायची असते. तिच्या पोटात मोठ्या टाक्या असतात. त्यांत तलावाचेच पाणी भरतात, म्हणजे बोट मागून खाली बसते आणि तिच्या मागे एक उंच लाट तयार होते. ती लाट बोटीबरोबर चालत राहते. एक जण फळीवर उभा राहून त्या लाटेवर घसरत राहतो, हातात दोरीसुद्धा नसते. माणूस बोटीच्या इतका जवळ असतो, म्हणून पंखा बाहेर मागे लटकत नाही, बोटीच्या पोटाखाली आत असतो.

काकांची बोट आधीच्या मालकाने सॅक्रामेंटोकडे, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीवर चालवली होती. तिथे ती छान चालत होती. ताहोवर आणल्यावर मात्र टाक्या भरल्या आणि आठ माणसे बसली की बोट नाक वर करून पाणी ढकलत राहायची, सर्फ करण्याइतका वेगच यायचा नाही. इंजिन घरघरायचे. चुलत बहीण तासभर पाण्यात फळी धरून वाट पाहत बसली होती.

“बाबा, इंजिन गेलं बहुतेक,” काका म्हणाले. “उघडून बघायचं म्हणजे मोठा खर्च आहे. तुम्हाला काय वाटतं?”

आजोबा म्हणाले, “मला बोट ठाऊक नाही. इंजिन ठाऊक आहे. मला तीन गोष्टी सांग. तलाव किती उंचीवर आहे? टाक्या रिकाम्या ठेवून पूर्ण थ्रॉटल दिलास तर आरपीएमचा काटा कुठे थांबतो, आणि पुस्तकात तो कुठे थांबायला हवा म्हणून लिहिलंय? आणि पंख्यावर कोणते आकडे कोरलेत?”

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळे पाठवले. पुस्तकात लिहिले होते, पूर्ण थ्रॉटलवर ५,००० ते ५,४००. काटा थांबत होता ४,७०० वर. तेव्हा जीपीएसवर वेग होता ताशी ५४ किलोमीटर. गिअरबॉक्स १.५ ला १, म्हणजे इंजिनाचे दीड फेरे होतात तेव्हा पंख्याचा एक. पंख्याला चार पाती होती आणि त्याच्या मधल्या भागावर कोरले होते १५ × १४.

आजोबांनी वही माझ्यापुढे सरकवली. “तू गणित कर. मला चष्मा लागतो.” चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

मला आधी आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा लागला. पहिला आकडा व्यासाचा. पाती फिरताना जे वर्तुळ होते ते १५ इंच रुंद. दुसरा आकडा पिचचा. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो आट्यांच्या अंतराइतका आत जातो. तसेच, पाणी लाकडासारखे घट्ट असते तर हा पंखा एका फेऱ्यात १४ इंच पुढे गेला असता. पाणी घट्ट नाही, ते थोडे सरकते, म्हणून पंखा प्रत्यक्षात कमी जातो. या तुटीला स्लिप म्हणतात.

४,७०० भागिले १.५ म्हणजे पंख्याचे मिनिटाला ३,१३३ फेरे. एका फेऱ्यात १४ इंच, म्हणजे ०.३५५६ मीटर. गुणाकार केला तर ताशी सुमारे ६७ किलोमीटर आले. प्रत्यक्षात ५४. स्लिप १९ टक्के.

“ठीक आहे,” आजोबा म्हणाले. “पंखा वाकडा किंवा तुटका असता तर स्लिप फार जास्त आली असती. पंखा पाणी नीट धरतोय. इंजिनच त्याला पुरेसं फिरवू शकत नाही.”

“मग जास्त पिचचा लावू,” मी लगेच म्हणालो. “१६ चा. एका फेऱ्यात जास्त पुढे जाईल.”

आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी विचारले, “उंचावर इंजिनाला काय होतं?”

हे मला माहीत होते. उंचावर हवा विरळ होते. इंजिन पेट्रोलबरोबर हवा जाळते. १,९०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ८३ टक्के असते. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनासाठी ठोकताळा असा की दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद कमी होते. ताहो ६,२०० फुटांहून थोडा वर, म्हणजे जवळजवळ १९ टक्के गेले. ३५० हॉर्सपॉवरचे इंजिन तिथे २८५ चे होते. त्यात काही बिघडलेले नसते. काढून परत खाली आणले की ते पुन्हा ३५० चे.

मला शाळेतल्या एरोमॉडेलिंगच्या तासाला ऐकलेले आठवले. मी म्हणालो, “पण आजोबा, ज्या विमानांच्या पंख्याची पिच बदलता येते, ती उंचावर गेल्यावर पिच वाढवतात. मग बोटीला का नाही?”

आजोबा हसले. “विमानाचा पंखा कशात फिरतो?”

“हवेत.”

“आणि बोटीचा?”

“पाण्यात.”

“मग डोंगरावर पाणी पातळ होतं का रे?”

मी गप्प झालो. उत्तर इतके सोपे होते. विमानात इंजिनाची ताकद कमी होते, तशी पंख्याची हवाही विरळ होते, म्हणजे कामही हलके होते. बोटीत इंजिनाची हवा कमी होते पण पाणी तेवढेच जड राहते. ओझे तेच, ताकद कमी. म्हणून इंजिन दबून चालते, तापते, काटा वर चढत नाही. त्यावर १६ चा पंखा लावला असता तर ते आणखी दबले असते. मी बोटीला नेमके उलटे औषध द्यायला निघालो होतो.

“उद्या सकाळी सायकल काढ,” आजोबा म्हणाले. “मदन महालला जाऊ.”

मदन महालची टेकडी घरापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. वर गोंड राजांच्या वेळचा किल्ला आहे आणि वाटेत तो प्रसिद्ध एकावर एक तोललेला दगड. पहाटे साडेपाचला मी माझी गिअरची सायकल घेऊन निघालो. कॅरिअरवर आजोबांनी दहा किलो पिठाची पिशवी बांधली होती. ते मागून स्कूटरवर.

चढ सुरू झाला तेव्हा आजोबांनी ओरडून सांगितले, “सगळ्यात मोठा गिअर लाव आणि चढ.”

मोठा गिअर म्हणजे एका पॅडलमध्ये सायकल खूप पुढे जाते, पण पॅडल जड लागते. मी उभा राहून जोर लावला. सातवीत असताना मी हा चढ याच गिअरवर चढायचो. आता पन्नास मीटर गेलो असेन, पॅडल वर येईना. मांड्या भरून आल्या आणि कानात पुन्हा तोच आवाज आला, बाभळीखालचा. मी पाय टेकले.

“आता लहान गिअर,” आजोबा म्हणाले.

लहान गिअरवर पाय भराभर फिरू लागले. सायकल हळू जात होती, पण जात होती. मी पीठासकट वर पोहोचलो. आजोबा स्कूटर लावून एका दगडावर बसले होते.

“कळलं?” त्यांनी विचारले. “बोटीला एकच गिअर असतो, आणि तो पंख्यात असतो. चालवताना बदलता येत नाही, म्हणून आधीच बरोबर निवडावा लागतो.”

“कळलं. पण आधी मी मोठ्या गिअरवर चढायचो,” मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला असावा.

“आधी म्हणजे कधी?”

“टायफॉइडच्या आधी.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिले आणि काही विचारले नाही. मग मीच सगळे सांगितले. खोटे बोललो तेही, बाभूळही, हाउस शेवटचे आले तेही, आणि शाळेत परत जायचे नाही तेही. खाली शहरात ऊन पसरत होते. मला वाटले होते की ते चिडतील, कारण खोटे बोलणे त्यांना अजिबात चालत नाही.

ते म्हणाले, “हिमोग्लोबिन म्हणजे नक्की काय? मला कुणी कधी नीट सांगितलं नाही.”

मी सांगितले. रक्तातल्या लाल पेशींत ते असते. फुप्फुसातला प्राणवायू धरून ते तो स्नायूंपर्यंत नेते. ते कमी असले की श्वास कितीही घेतला तरी स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो.

“म्हणजे हवाच की,” आजोबा म्हणाले. “तुला हवा कमी पडत होती.”

“हो.”

“आणि अंतर तेच होतं, पाच किलोमीटर. तू जुनाच पंखा लावून निघालास.” थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “खोटं बोललास त्याची माफी तुझ्या सरांकडे मागायची, माझ्याकडे नाही. शाळेत जायचं की नाही ते तू आणि तुझा बाबा ठरवा. पण इंजिन बिघडलंय असं मात्र मला सांगू नकोस. मी छत्तीस वर्षं इंजिनं तपासली आहेत. आता चल, बोटीचं उत्तर राहिलंय.”

परत येताना त्यांनी कमानिया गेटजवळ खोव्याची जिलबी घेतली. जिलबी खातच आम्ही उत्तर काढले.

पंख्याचा ठोकताळा असा की पिच एक इंच कमी केली की पूर्ण थ्रॉटलवरचे फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. काटा होता ४,७००, हवा होता ५,००० च्या वर. एक इंच कमी केला असता तर ४,९०० पर्यंतच पोहोचला असता. दोन इंच कमी केले तर ५,००० ते ५,१००. मी म्हणालो, मग चार इंच कमी करू, ओझे असताना आणखी सोपे जाईल. आजोबा म्हणाले, तेही चूक. पिच फारच कमी केली तर रिकाम्या बोटीत इंजिन ५,४०० च्या पलीकडे धावेल, आणि त्याने इंजिनाचे आयुष्य कमी होते. जास्त पिचने इंजिन दबते, फार कमी पिचने ते भरकटते. पुस्तकात दिलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये काटा आला पाहिजे.

व्यास १५ इंचच ठेवायचे ठरले, कारण मोठा पंखा जास्त पाणी धरतो आणि जड बोटीला तो हवाच. शिवाय पंख्याचे टोक आणि बोटीचा तळ यांत मोकळी जागा लागते, म्हणून व्यास वाटेल तसा वाढवता येत नाही. पाती चारच, कारण कमी वेगाला जास्त ओझे ओढताना चार पाती पाणी चांगले धरतात. आमचे उत्तर होते १५ × १२.

मी आणखी एक हिशोब केला. १२ पिच आणि ५,१०० फेरे धरून, स्लिप तेवढीच मानली तर सर्वांत जास्त वेग ताशी ५० किलोमीटर येत होता. म्हणजे ४ किलोमीटर कमी. काकांना मी हे जरा घाबरतच सांगितले. काका हसले. “अरे, आम्हाला १८ नेच चालवायची आहे. ५४ घेऊन काय करू?” त्यांनी तिथल्या दुकानदारालाही विचारले. तो म्हणाला, ताहोवर येणाऱ्या बोटींना असाच पंखा कमी करावा लागतो.

आठ दिवसांनी पुन्हा सकाळी सहाला कॉल आला. काटा ५,०५० वर थांबला होता. टाक्या भरलेल्या, आठ माणसे बसलेली, आणि मागे लाटेवर माझी चुलत बहीण उभी होती. तीन सेकंदांनी ती पडली, पण उभी होती. काकांनी फोन इंजिनाकडे धरला. आजोबांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, “आता मोकळं चालतंय.”

काका म्हणाले, “जुना पंखा विकून टाकतो, थोडे पैसे येतील.”

“मुळीच नाही,” आजोबा म्हणाले. “जपून ठेव. कधी बोट खाली समुद्राकडे नेलीस तर तिथे तोच लागेल.”

त्या दिवशी आजोबांनी मला विचारले, “आपल्या देशात याहून उंच बोट कुठे चालते?” मी शोधले. पँगाँग त्सो हा लडाखमधला तलाव ४,२०० मीटरहून जास्त उंचीवर आहे. तिथल्यासारख्या उंच तलावांत गस्त घालण्यासाठी लष्कराने जानेवारी २०२१ मध्ये गोवा शिपयार्डशी १२ वेगवान गस्ती बोटींचा करार केला. पुढे १६ ऑगस्ट २०२२ रोजी पँगाँगसाठी बांधलेली लँडिंग क्राफ्ट लष्कराच्या स्वाधीन झाली. ३५ सैनिकांना नेणारी ही बोटही गोव्यातच बांधलेली. समुद्राच्या काठी बांधलेली बोट हिमालयात चालवायची, ही गोष्ट मला फार आवडली. पँगाँगवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६४ टक्के असते. पाणी मात्र गोव्याइतकेच जड. ताहोचाच प्रश्न, पण दुप्पट कठीण.

आजोबांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. इंजिनाला टर्बो असेल तर तो विरळ हवा दाबून आत भरतो, मग ताकद इतकी कमी होत नाही. म्हणून नुसती उंची ऐकून पंखा ठरवायचा नाही. काटा पाहून ठरवायचा. दोन बोटी एकाच तलावात असल्या तरी त्यांना वेगळे पंखे लागू शकतात.

त्याच रात्री मी माझ्या बाबांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, मग विचारले, “आता तुझा काटा कुठे आहे?” आजोबा आणि ते आधीच बोलले होते हे मला कळले. दुसऱ्या दिवशी आम्ही रक्त तपासले. हिमोग्लोबिन ११.२ होते. म्हणजे हवा परत येत होती, पण पूर्ण आली नव्हती.

जूनमध्ये मी शाळेत परत आलो. पहिल्याच दिवशी सरांकडे गेलो, मार्चमधले खोटे सांगितले आणि माफी मागितली. त्यांनी मला एक महिना शर्यतीतून बाहेर ठेवले. ती शिक्षा योग्यच होती. मग रिपोर्ट पाहून त्यांनी आणि पीटीच्या उस्तादांनी मला नवा तक्ता दिला. तीन किलोमीटर, सहा मिनिटांना एक, त्याहून जोरात नाही. पहिले काही दिवस सातवीची मुले माझ्या पुढे जात होती. एकाने वळून विचारलेही, “सर, पाय दुखतो का?” मी म्हणालो, “नाही, पंखा बदललाय.” त्याला काही कळले नाही. तो पुढे पळून गेला.

सगळ्यात अवघड हे होते. जोर लावणे सोपे असते, आपल्याला तेच शिकवलेले असते. पण अंगात जोर वाटत असताना वहीतला आकडा पाहून हळू धावणे, आणि ते सगळ्यांसमोर, हे मला बाभळीखाली बसण्यापेक्षा कठीण गेले. दर दोन आठवड्यांनी तक्ता थोडा वाढत गेला. सप्टेंबरमध्ये हिमोग्लोबिन १३.१ झाले.

हा लेख लिहीत असताना माझी पाच किलोमीटरची वेळ एकवीस मिनिटे चाळीस सेकंद आहे. मागच्या वर्षीपेक्षा दीड मिनिट जास्त. यंदा हाउसच्या संघात मी राखीव आहे. मुख्य संघातले पाचही जण माझ्यापेक्षा वेगाने धावतात आणि मी त्यांच्या शर्यतीच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या घेऊन बाभळीच्या वळणावर उभा राहणार आहे.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर वीस मिनिटे दहा सेकंद असे लिहिले होते. मे महिन्यात मी ते पान फाडून टाकणार होतो. आता ते तिथेच आहे. आजोबांनी काकांना सांगितले तेच मी ऐकले. हवा परत आली की तोच लागेल.